स्वतःच्या शब्दांत

माणसाने आयुष्यात चिठ्ठी उचलू नये, आणि उचललीच तर आधी वाचून घेऊन मगच उचलावी, हे माझं मत २००३ सालच्या मार्च महिन्यात तयार झालं. आज सात वर्षं झाली, त्यात बदल करण्याचं कारण मला दिसलेलं नाही. पण त्या एका चिठ्ठीची आठवण आली की हातातलं काम बाजूला राहतं, हेही खरं.

त्या वर्षी आमच्या वाडीतल्या कपेलात, म्हणजे समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये, फादर आग्नेल नवे आले होते. वय बत्तीस, बुडाखाली मोटरसायकल आणि डोक्यात कल्पना. आधीचे फादर सत्तरीचे होते. त्यांना कल्पना सुचत नसत असं नाही, पण सुचली तर ती उतरेपर्यंत ते आरामखुर्चीत पडून राहत. फादर आग्नेलना ते जमत नव्हतं. उपासकाळाच्या पहिल्याच रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर ते वेताची करंडी घेऊन पुढे आले.

"आपण वर्षानुवर्षं तेच करतो, जे आपल्याला येतं," ते म्हणाले. "गाणारे गातात, झाडणारे झाडतात. या वर्षी प्रत्येकाने देवासाठी असं एक काम करायचं, जे त्याने आजवर कधीच केलेलं नाही. कामं या चिठ्ठ्यांवर लिहिलेली आहेत. मुदत एक वर्ष."

मी जागेवरून हललो नाही. मी इनास बस्त्याव रॉड्रिग्ज, पंचायत समितीत आस्थापना शाखेचा वरिष्ठ लिपिक. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या बावीस वर्षं माझ्याच अक्षरात होत्या. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला असल्या योजनेतून सूट असणार, हे मी गृहीत धरलं होतं. सरकारी कामात तरी ती असते. पण फादरनी करंडी थेट माझ्या नाकाखाली आणून धरली.

पास्कूला, जो ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा आणि ज्याच्या नखांतलं ग्रीस नाताळातही निघत नसे, वेदीवरची फुलं सजवण्याचं काम आलं. माझी बायको फिलोमिना हिला घंटा मिळाली. आपण दोर ओढला की अख्खी वाडी उठते, हे लक्षात आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आणि माझ्या चिठ्ठीवर होतं : "दर रविवारी आजाऱ्यांना भेट देणे व त्यांच्यासाठी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणे."

भेट देण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. अडचण होती ती स्वतःच्या शब्दांची. माझ्याकडे तसे शब्दच नव्हते. प्रार्थना लहानपणी पाठ केलेल्या, त्यात काना-मात्रा बदलायची सोय नाही. कचेरीतले शब्द शासनाचे. घरातले फिलोमिनाचे. मी फादरना म्हटलं, "छापील प्रार्थना चांगल्या आहेत. त्यात चूक होत नाही."

"त्या आहेतच," फादर म्हणाले. "पण आजारी माणसाला तुमचा आवाज ऐकायचा असतो, इनासबाब."

माझा आवाज ऐकायची इच्छा असलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता. तरीही आज्ञा ती आज्ञा. शनिवारी संध्याकाळी मी चार मसुदे करून पाचवा कायम केला आणि रविवारी पांढरा शर्ट घालून, केस चापून, मिंगेल फर्नांडिसच्या घरी गेलो.

मिंगेल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जुना तांडेल. चाळीस वर्षं होडीवरच्या माणसांना हुकूम सोडून त्याचा आवाज असा झाला होता की तो कानात काही सांगायचा तेव्हा ते शेजारच्या आवाठातही कळायचं. होडी ओढायला गेल्यामुळे त्याची कंबर धरली होती. तो पडवीत खाटेवर आडवा होता आणि बायकोला, मारयानला, कढी कशी करावी ते सांगत होता. मला पांढऱ्या शर्टात, हात जोडून आलेला पाहिल्यावर तो कढीचं विसरला.

"इनास? डॉक्टर काय बोललो तुका?"

"डॉक्टरांचा काही संबंध नाही," मी म्हणालो. घाबरलो की मी प्रमाण मराठी बोलतो. "मी फक्त प्रार्थना करायला आलो आहे."

आणि मी कागद उलगडून वाचायला लागलो : "हे परमदयाळू परमेश्वरा, सविनय निवेदन करण्यात येते की, श्री. मिंगेल कैतान फर्नांडिस, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे गेल्या नऊ दिवसांपासून कंबरदुखीने अंथरुणास खिळून आहेत. त्यांची आजवरची सेवा समाधानकारक आहे. तरी सदर प्रकरणी सहानुभूतीपूर्वक विचार होऊन अंतिम निर्णय लवकरात लवकर व्हावा, ही नम्र विनंती."

मारयान हातातली पळी घेऊन दारात आली.

"अंतिम म्हंजे?" मिंगेलने विचारलं.

"म्हणजे शेवटचा," मी सांगितलं. शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर तो सांगावा, एवढ्याच शुद्ध हेतूने.

मिंगेलने डोळे मिटले. "मारयान," तो म्हणाला, "इनास अंतिम निर्णय घेवन इलो हा. झिलांक फोन कर."

मी खुलासा करण्याचा प्रयत्न केला. पण मारयान पदर सावरत एसटीडी बूथच्या वाटेला लागलीसुद्धा होती. तेव्हा वाडीत फोन तीनच, आणि त्यातले दोन पावसाळ्यापासून मुके. बूथवर जे बोललं जाई ते बूथवरच राहिलं असं कधी झालं नाही. संध्याकाळच्या एसटीने कसालहून त्याची मुलगी आली ती उतरल्यापासून रडतच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून दोन्ही मुलगे, सुना आणि पाच नातवंडं येऊन थडकली. मिंगेलने आपला लग्नातला कोट ट्रंकेतून काढायला लावला, कारण आमच्यात माणसाला पेटीत ठेवतात ते नीटनेटक्या कपड्यांत. तो कोट पन्नास वर्षांपूर्वीच्या मिंगेलच्या मापाचा होता. मग लवू शिंप्याला बोलावणं गेलं. लवूने टेप लावली, आतली शिवण तपासली आणि म्हणाला, "उसवन ढिलो करून देतंय. पण परवा माज्या गिऱ्हायकाचा लगीन आसा. तुमी चार दिवस थांबशात काय?"

मिंगेल म्हणाला, "आता ता माज्या हातात आसा काय?"

तीन दिवस ते घर भरलेलं होतं. मिंगेलने एकेका मुलाला जवळ बोलावून उपदेश केला. शेजाऱ्यांनी जुनी भांडणं मिटवली. पास्कूने तर पुढचा प्रसंग धरून फुलांचा सराव म्हणून एक चक्र करून पाहिलं. आणि चौथ्या दिवशी सकाळी खाट रिकामी दिसली. घरात बोंब झाली. शोधलं तर मिंगेल किनाऱ्यावर, दोन नातवंडांना दोन्ही हातांना धरून, रापणीची जाळी ओढणाऱ्यांना तुम्हाला कसं ओढता येत नाही ते सांगत उभा. माणसं भेटल्याने म्हणा, बांगड्याच्या तिखल्याने म्हणा, कंबर सुटली होती.

त्या दुपारी त्याचा थोरला मुलगा माझ्या कचेरीत आला. "तुमका सांगितल्यान कोणी?" त्याने शांतपणे विचारलं. "माजी वर्साची रजा संपली." शाखेतल्या सगळ्यांनी लेखण्या खाली ठेवल्या होत्या. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत इतक्या लक्षपूर्वक कोणी काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

वाडीत माझं नाव पडलं : तार. पूर्वी तार आली की ती फोडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, तसं. पुढचे चार रविवार मी ज्या घरी जाई तिथला आजारी बरा झालेला असे. अंगात ताप असलेली रिता अंगण झाडताना दिसली. पास्कूच्या म्हाताऱ्या बापाला छातीचा विकार, पण मी पाणंदीच्या वळणावर दिसताच तो शिडी लावून छपरावर चढला आणि खोकत खोकत नळे सारखे करू लागला. "माका काय्येक झाला नाय," तो वरूनच ओरडला. "पुढे जा."

मी फादरकडे जाऊन राजीनामा देऊ केला, एक महिन्याच्या नोटिशीसह. ते हसले. "आजारी कमी झालेत, म्हणजे सेवा लागू पडतेय. वाडीत नाही तर इस्पितळात जा. मुदत एक वर्ष आहे, इनासबाब."

तालुक्याच्या गावात एक इस्पितळ होतं. रविवारी तिथे गेलो तर दारावरच्या माणसाने अडवलं.

"पेशंट कोण तुमचो?"

"कोणीही चालेल," मी म्हणालो.

त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "जेका कोणीय चालता, त्या माणसाक आमी भितर सोडणव नाय."

हे त्याचं बरोबरच होतं. मी असतो तर मीही सोडलं नसतं. मी रीतसर अर्ज केला. तो आठ दिवसांनी परत आला, शेरा : विहित नमुन्यात अर्ज करावा. चौकशी केली तर असा नमुना अस्तित्वात नव्हता. तेव्हा तो मीच तयार केला, अकरा रकान्यांचा, खाली दोन टिपा. तिथल्या कारकुनाला तो इतका आवडला की त्याने तो कायमचा लागू केला आणि मला तीन प्रतींत भरून आणायला लावला. परवानगी मिळाली ती दर बुधवारी चार ते पाच. मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून गेलो. परक्याच्या दुखण्याजवळ उभं राहण्यासाठी माणसाने एवढी खटपट केल्याचं उदाहरण निदान आमच्या शाखेत तरी नव्हतं.

पहिल्याच खाटेवर आंबोलीकडचा एक शेतकरी होता, पाय प्लास्टरमध्ये. मी त्याची परवानगी घेऊन प्रार्थना म्हटली. "अंतिम" काढून "योग्य" घातलं होतं. त्याने मान डोलावत सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सायब, अर्ज झकास लिवतास तुमी. माका एक लिवन देवा. आमच्या वाडयेच्या रस्त्याचो."

मी लिहून दिला. शेजारच्या खाटेवरच्याला विहिरीचा हवा होता. तासाभरात सात अर्ज झाले, त्यातले तीन पुढे माझ्याच टेबलावर आले. माणसं खूश होती. मीही होतो, खोटं का बोला. पण एसटीने परत येताना लक्षात आलं, की त्या तासात पहिल्या प्रार्थनेनंतर देवाच्या नावाने मी काहीच पाठवलं नव्हतं.

मग मी घरामागे फणसाच्या झाडासमोर उभं राहून सराव करू लागलो. आमच्या आणि शेजारच्या दत्तारामच्या परड्यांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. एका संध्याकाळी दत्ताराम गडग्यावर कोपर टेकून किती वेळ उभा होता कोण जाणे.

"इनास," तो म्हणाला, "फणसाक नोटीस काढलंस काय?"

दत्ताराम भात आणि काजू करायचा, आणि गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे होता. म्हणजे देवापुढे उभं राहून कोणाचं काय दुखणं, काय मागणं, ते मोठ्याने सांगायचं आणि मागच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने काजूचं बोंडू चोखत ऐकली.

"देवाक अर्ज कित्या करतंस? तो काय बीडीओ आसा? सरळ सांगायचा. नाव सांगायचा, घर सांगायचा, खंय दुखता ता सांगायचा. मगे आपला काय म्हणणा ता."

"कुठल्या भाषेत?"

"तू फिलोमिनावैनीक मिठाची बरनी मागतंस ती खंयच्या भाषेत?"

आणि दाखवायचं म्हणून त्याने तिथेच पायातली वहाण काढली आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हो इनास, बस्त्यावाचो झील, तुज्या पायाकडे उभो आसा. शिकलेलो आसा, मनान बरो आसा, पण तेच्या गळ्यात सरकारची भाषा अडाकली हा. ती वायच सोडव रे म्हाराजा."

त्याच्या स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, सुभद्रावैनीचा, आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि मीही तेच म्हटल्याचं मला म्हणून झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फादरना विचारलं, मालवणीत प्रार्थना केलेली चालते का, म्हणजे असं कुठे नमूद आहे का. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "चालत नाही असंही कुठे नमूद नाही."

तेवढ्यात रुजायमायचा निरोप आला. निरोप तिची सून नातालिन घेऊन आली आणि संकोचत म्हणाली, "म्हातारी विचारता, ती तार सगळीकडे फिरता, माज्याकडेच कित्या येणा नाय?"

रुजायमाय ही आमच्या वाडीची वैजीण, सुईण. वय चौऱ्याऐंशी. वाडीतली चाळिशीपुढची सगळी माणसं तिच्या हातावर जगात आलेली, मीसुद्धा, आणि पहिला टाहो कोणी किती उशिरा फोडला हे ती भर लग्नात सांगत असे. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडून ती खाटेला खिळली. तिच्या जिभेला मात्र काही झालं नव्हतं, म्हणून तिच्याकडे कोणी फारसं फिरकत नसे. माझ्या यादीत तिचं नाव होतं. ते मी दर रविवारी पुढच्या रविवारी ढकलत होतो.

"ये भितर," ती म्हणाली. "मी काय भियणय नाय. माज्या वयाक तार येवचीच."

मी उभा राहिलो. कागद नव्हता. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून जोडले. "देवा, ही रुजायमाय. हिचो खुबो मोडलो हा. दोन वर्सां खाटीर आसा. तरी ती सगळा शांतपणान, धीरान सोसता…"

"थांब," रुजायमाय म्हणाली. "कोण सोसता शांतपणान?"

स्वयंपाकघरात नातालिनच्या हातून झाकणी पडल्याचा आवाज झाला.

"देवाकडे खोटा बोलतंस? तोंड भरून अर्ज करायचंस ताच बरा होता. तेका सांग, रुजाय रागान आसा."

"कोणावर?"

"तेच्यारच."

मग तिने सांगितलं, वर आढ्याकडे बघत, एखाद्या तिसऱ्याच घरातली गोष्ट सांगावी तशी. तिचा धाकटा मुलगा जुझे अठ्ठ्याऐंशी साली मासेमारीला गेला होता. होडी परत आली, जुझे आला नाही. वाडीला हे ठाऊक होतं. वाडीला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्या दिवसापासून तिने प्रार्थना केली नव्हती. संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना चाले, तेव्हा ती मणी ओढायची. ओठ हलवायचे नाहीत. पंधरा वर्षं.

"गावातल्या सगळ्यांची पोरां मी हाडलंय," ती म्हणाली. "नी तेणा माजा व्हरल्यान."

याला छापील पुस्तकांत उत्तरं होती. ती मला पाठ होती. ती तिथेच राहू दिली. मी पुन्हा हात जोडले आणि म्हणालो, "देवा, रुजायमाय तुज्यार रागान आसा. तिणा माका सांगाक सांगितल्यान म्हणान सांगतंय. पुढचा तुका ठावक."

रुजायमायने थोडा विचार केला. "आता बरोबर झाला," ती म्हणाली. "पुढच्या आयताराक ये."

तेव्हापासून दर रविवारी मी तिचा निरोप्या झालो. ती सांगायची, मी देवाला कळवायचो. आमटीत मीठ जास्त पडतं. पाठ जळते. यंदा पेडवे मासे बारीक आले. नातालिन दिवसभर राबते पण गप्प असते, तिच्या मनात काय आहे ते देवाने बघावं. हे शेवटचं ऐकून नातालिन उठून परड्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. मला एकेक वाक्य दोनदा म्हणायला लागायचं, कारण मी त्यात नकळत "सदर" घालायचो. एकदा धीर करून मी विचारलं, "जुझेचा काय सांगू?"

"ता माजा मी बघतलंय," ती म्हणाली आणि कुशीवर वळायचा प्रयत्न केला. तिला वळता येत नव्हतं. मी आणि नातालिनने वळवलं.

जुलैत माझा पाय मोडला. कपेलाच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं, मिस्सा नुकतीच सुटली होती, म्हणजे उपस्थिती पूर्ण होती. मी छत्री उघडता उघडता पाचवीवरून पहिलीवर आलो. छत्रीला काही झालं नाही. घोटा मोडला. फिलोमिनाने तशातही जाऊन बाराची घंटा वाजवली, वेळ झाली होती म्हणून.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. मी पडवीत खुर्चीवर पाय वर करून बसलो आणि वाट पाहू लागलो. एवढी घरं हिंडलो होतो, कोणी येईल असं वाटत होतं. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. फादर शिबिरासाठी पुण्याला गेलेले. दत्ताराम रोज गडग्यावरून विचारपूस करी, पण लावणीचे दिवस, त्याला उसंत नव्हती. वाडीत म्हणे कोणीतरी म्हणालं होतं, तारेला तार कोण करणार. मला ते फार लागलं. फिलोमिनाला मी म्हटलं, वर्षाची मुदत राहू दे, आता मी कोणाकडे जाणार नाही. मी मुळात दप्तराचा माणूस. ज्याला जे येतं त्याने तेच करावं.

"जायत," ती म्हणाली. "नेजो तरी खावा." नेजो म्हणजे आमच्याकडे घावन. तिने पुढे काही म्हटलं नाही, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी पाणंदीतून हुकूम ऐकू आले. "डावीकडे, डावीकडे. खाली खडप आसा. पास्कू, मेल्या, तुजो खांदो वर कर." मिंगेल छत्री धरून पुढे चालत होता, वादळात होडी किनाऱ्याला आणावी तशा आवेशात. त्याच्या मागे हातांची लाकडी खुर्ची, दोन वाशांना काथ्याने बांधलेली. वासे खांद्यावर घेतले होते दत्तारामने, पास्कूने आणि वाडीतल्या आणखी दोघांनी, दत्तारामच्या पायांना अजून शेतातला चिखल. खुर्चीत प्लास्टिकच्या कागदाखाली रुजायमाय बसली होती. दोन वर्षांत ती घराच्या उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. नातालिन बाजूने चालत तिचा गुडघा धरून होती.

खुर्ची आमच्या पडवीत टेकवली गेली. वाटेतल्या हिसक्यांनी म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आधी श्वास घेतला, मग माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

"दुखता?"

"नाही, तसं ठीक आहे," मी म्हणालो.

"इनास."

"दुखता," मी म्हणालो. "नी कोण येवक नाय, ता जास्त दुखला."

मिंगेलने छत्री मिटायला सुरुवात केली आणि ती बराच वेळ मिटत राहिला.

मी सवयीने हात जोडले. म्हटलं, एवढ्या लांब आलीस, आज काय कळवायचं ते सांग. तिने माझे हात खाली केले.

"तू गप रव. पाय तुजो मोडलो हा. आज मी सांगतलंय."

नातालिन चटकन तिच्याकडे बघायला लागली. पावळ्यांतून पाणी गळत होतं, फिलोमिना चहाचं आधण ठेवून दारात येऊन उभी राहिली होती. म्हातारीचे ओठ दोनदा हलले आणि थांबले. मी तिला शब्द पुरवणार होतो. पण माझ्याकडे जे होते ते तिच्याकडूनच घेतलेले.

"देवा," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटका निघाला, गंजलेल्या बिजागरीसारखा. "मी रुजाय. वाडयेतली वैजीण. वळाखलंस मां? पंधरा वर्सां तुका हाक मारूक नाय मी. माजो जुझे तू व्हरलंस. ता माका तेवा पटाक नाय, आजय पटणा नाय. ता आपण मगे बोलाया, आपल्यात. आज माका ह्या इनासाचा काम आसा. हेका मीच जगात हाडलंय, तेवा दोनय पाय बरे होते. ते तसे करून दी. नी बेगीन दी. आयताराक माज्याकडे बसाक दुसरा कोण नाय."

ती थांबली. दत्ताराम सवयीने तोंड उघडून होता, तो तसाच राहिला. मिंगेलने खिशातून रुमाल काढून तारवाच्या भोंग्यासारखं नाक शिंकरलं. नातालिन खाली बसली आणि तिने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला वाटतं, त्या घरात आल्यापासून तिने तसं पहिल्यांदाच केलं असावं.

"चाय हाड गो," रुजायमाय फिलोमिनाला म्हणाली. "नी साखर घाल. माज्या सुनेगत मोजान घालू नको."

पाय बरा व्हायला सहा आठवड्यांचे आठ लागले. सप्टेंबरात काठी टेकत मी तिच्याकडे गेलो, आणि मग वर्ष संपलं तरी जात राहिलो. चिठ्ठीची मुदत संपल्याचं मला पुढच्या उपासकाळात फादर करंडी घेऊन उभे राहिले तेव्हा कळलं. मी त्यांना म्हटलं, माझं आधीचं काम अजून जमलेलं नाही, दुसरं कसं घेऊ. त्यांनी करंडी पुढे नेली.

आता फादर आग्नेल बदलून गेले. मिंगेल गेला, त्याच्या घराला कुलूप आहे, मुलं मे महिन्यात येतात. मी आजही रविवारी पाणंदीने निघतो, पण आता कोणी छपरावर चढत नाही. उलट फाटकातून हाक येते, आणि कोणाचं तरी दुखणं, कोणाची तरी तक्रार घेऊन मी आत जाऊन बसतो. बोलताना अजूनही अडखळतो. सात वर्षांत एकही प्रार्थना मला तोंडपाठ झालेली नाही.

रुजायमाय त्यानंतर दोन वर्षं जगली. तिचा राग गेला की नाही ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या महिन्यांत मी गेलो की ती भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत असायची, कधी भांडल्यासारखी, कधी हसल्यासारखी. मी स्टूल ओढून बसायचो, हात जोडायचो, सुरुवात करायला घसा खाकरायचो. ती मान न वळवता मागे हात करून मला थांबवायची.

"इनास, वायच गप रव. आमचा बोलणा चालू आसा."